टेकडीखालची बाळंतीण

बहारीनमध्ये तुम्ही काय करायचात असं कुणी विचारलं की मी ‘प्लास्टरचं काम’ एवढंच सांगतो. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे घरांची छतं येतात, आणि ते बरोबरच आहे, कारण कंपनीनं मला नेलं होतं त्याच कामासाठी. पण मधल्या काही हिवाळ्यांत मी जे प्लास्टर केलं ते छताला नव्हे, जमिनीखाली झोपलेल्या माणसांना. हे सांगितलं की लोक दोन प्रश्न विचारतात. भीती नाही वाटली का, हा एक, आणि सोनं सापडलं का, हा दुसरा. दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असं असल्यामुळे बहुतेकांचा रस तिथंच संपतो. ज्यांचा संपत नाही त्यांच्यासाठी हे लिहितोय.

मी पेणजवळच्या एका गावचा. पेणला गणपतीचे कारखाने आहेत हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. शाळा सुटल्यावर मी तिथंच कामाला लागलो आणि साचा भरणं, काथ्या घालणं, सांधे लपवणं हे सगळं हातात बसलं. सत्तरच्या दशकात आखातात माणसं जाऊ लागली तेव्हा आमच्या कारखान्यातून दोघं-तिघं गेली, त्यांच्यामागे मी. मीना सलमान बंदरापाशी कंपनीचं वर्कशॉप होतं. तिथं छताच्या पट्ट्या, कोपऱ्यांची नक्षी, पंख्याभोवतीची फुलं ओतायची आणि ट्रकात घालून बंगल्यांवर नेऊन बसवायची. जनाबिया गावात एका गृहस्थांनी दिवाणखान्याच्या छताला द्राक्षांचे घोस मागितले होते. बसवून झाल्यावर त्यांच्या आईनं वर पाहिलं आणि हे सगळं माझ्या डोक्यावर पडणार, असं म्हणून ती खोलीबाहेर गेली ती आत येईना. सगळे घोस उतरवले. त्यातला एक आमच्या खोलीचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून आम्ही कित्येक दिवस दाराशी टेकवून ठेवत होतो.

ऐंशीचं दशक उजाडलं तेव्हा सारं बेट खणलं जात होतं. सौदीला जोडणाऱ्या पुलाचं काम समुद्रात चाललं होतं, आणि पश्चिमेच्या माळावर सरकार नवी वसाहत उभारणार होतं. त्या माळावर टेकड्या होत्या. टेकड्या म्हणजे आपल्याकडच्या नव्हेत. माणसाच्या दीड-दोन पट उंचीचे, खडी-मातीचे गोल ढीग, एकाला लागून एक, नजर जाईल तिथवर. खळ्यात रास घालावी तसे. प्रत्येक ढिगाखाली दगडांची बांधलेली एक अरुंद खोली, आणि खोलीत एक माणूस, गुडघे पोटाशी घेऊन, हात तोंडाजवळ आणून, कुशीवर झोपल्यासारखा. चार हजार वर्षांपूर्वीची ही माणसं. त्या काळी या मुलखाला दिलमून म्हणायचे आणि इथल्या होड्या सिंधूच्या मुखापर्यंत माल घेऊन जायच्या.

वसाहत उठायच्या आधी जेवढ्या टेकड्या उघडता येतील तेवढ्या उघडून घ्याव्यात म्हणून सरकारनं देशोदेशींची मंडळी बोलावली होती. त्यांतल्या एका तुकडीला प्लास्टरचा माणूस हवा होता. कंपनीनं मला पाठवलं. माझी कला पाहून पाठवलं असं सांगायला आवडलं असतं, पण खरं कारण असं की बाकीच्यांनी मढ्यांचं काम नको म्हणून सांगितलं आणि मी तेवढ्या वेळात चहा आणायला गेलो होतो.

काम असं असतं. जुनं हाड म्हणजे चहात भिजून पुन्हा वाळलेलं बिस्कीट. हातानं उचललं की चुरा. म्हणून आधी ब्रशनं माती काढायची, मग पातळ गोंद थेंब-थेंब पाजायचा, तो वाळू द्यायचा. त्यावर ओला पातळ कागद, आणि कागदावर प्लास्टरमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या. खालची माती हळूहळू पोखरत न्यायची, फळी सरकवायची, आणि माणूस, माती, प्लास्टर असा सगळा गठ्ठा एकदम उचलायचा. मोडलेल्या पायाला डॉक्टर करतात तेच, फक्त इथं पाय कण्हत नाही, त्यामुळे चूक झाल्याचं उशिरा कळतं.

माझी पहिली उचल बकऱ्याची होती. मेलेल्याला वाटेत भूक लागेल म्हणून त्याच्याशेजारी बकरं ठेवत. पाणी उन्हानं तापलेलं होतं, प्लास्टर बादलीतच आवळलं, आणि जे लागलं ते असं लागलं की उचलताना वरचं कवच माझ्या हातात आणि बकरं जागच्या जागी, पिठासारखं. हाडांच्या तज्ज्ञ असलेल्या एलन मॅडम जवळच बसल्या होत्या. ब्रश घेऊन त्यांनी तो चुरा डबीत भरला. दुसऱ्या दिवशी मी बर्फ घेऊन गेलो आणि पेणला घालतो तसा थोडा सरस पाण्यात विरघळवला. सरसानं प्लास्टर उशिरा आवळतं. मग जमलं.

एलन मॅडम अमेरिकन होत्या, पन्नाशीच्या पुढच्या, उन्हानं नाक कायम सोललेल्या. माणसांची हाडं पाहायची हे त्यांचं एक काम, आणि त्या लोकांनी काय खाल्लं ते शोधायचं हे दुसरं. त्यासाठी त्या बाजारातून निरनिराळे मासे आणून उकळत, त्यांचे काटे स्वच्छ करून डब्यांत लावून ठेवत, म्हणजे मातीतून निघालेला काटा ताडून बघता येई. त्या वासापायी त्यांना दोनदा घर बदलावं लागलं होतं. आमचे ड्रायव्हर हसनभाई हर्णैकडचे, दर्यावर्दी घराण्यातले. मातीतून काटा निघाला की ते पिकअपमधून उतरून येत आणि छातीठोकपणे माशाचं नाव सांगत. मॅडम नम्रपणे डबा आणून ताडून बघत, आणि दर वेळी मासा दुसराच निघे. हसनभाईंचं म्हणणं असं की चार हजार वर्षांत मासाच बदलला असणार.

दुपारी ताडपत्रीच्या सावलीत चहा होई तेव्हा मॅडम त्यांच्या आधीच्या कामाबद्दल सांगत. बहारीनला येण्यापूर्वी कित्येक उन्हाळे त्यांनी अल्यूशियन बेटांवर काढले होते. अलास्काच्या टोकापासून बेटांची एक रांग समुद्रात लांबवर गेलेली आहे, शेपटीसारखी. तिथं झाड म्हणून नाही. धुकं आणि वारा बारा महिने. अशा ठिकाणी अल्यूट लोक हजारो वर्षं राहत आले. जमिनीत खड्डा खणून त्यावर वाहून आलेलं लाकूड आणि देवमाशाची हाडं टाकायची, वर गवताची ढेकळं रचायची, आणि छताला ठेवलेल्या भोकातून खाच पाडलेल्या ओंडक्यावरून आत उतरायचं, असं त्यांचं घर. पक्ष्यांच्या कातड्याचे अंगरखे. समुद्रसिंहाची आतडी धुऊन, फुगवून, वाळवून शिवलेला पावसाळी कोट, पाण्याचा थेंब आत जाणार नाही असा. लाकडाच्या सांगाड्यावर कातडं ताणून केलेल्या होड्या. खाऊन टाकलेल्या शिंपल्यांचे, समुद्रातल्या काटेरी गोळ्यांच्या कवचांचे, सीलच्या हाडांचे ढीग गावाशेजारी वाढत वाढत टेकाडं झाली, आणि ती टेकाडं चाळणं हे मॅडमचं काम होतं.

हे ऐकताना आमच्याभोवती माळ तव्यासारखा तापलेला असे. हसनभाईंना त्या आतड्याच्या कोटाचं फार नवल. तो धुतात कसा, हे त्यांनी निदान तीनदा विचारलं. मॅडम म्हणायच्या, दोन्ही बेटांत मला फरक वाटत नाही. तिथं समुद्रानं माणसाला मांस आणि घर दिलं. इथं मासे, शिंपले, समुद्रगाय, आणि वर गोडं पाणी. बहारीनच्या समुद्रात तळातून गोडे झरे फुटतात हे आमच्या खणणाऱ्यांचे मुकादम हाजी मन्सूर यांनी सांगितलं होतं. ते तरुणपणी मोत्यांसाठी बुडी मारत. कातडी पिशवी घेऊन खाली जायचं आणि खारट समुद्राच्या पोटातून गोडं पाणी भरून आणायचं, हे त्यांनी स्वतः केलेलं. बुड्या मारून मारून त्यांचा एक कान गेला होता. त्यांच्याशी बोलायचं तर उजव्या बाजूला बसावं लागे.

त्या हिवाळ्यात माझ्या दुसऱ्या कराराचं पहिलं वर्ष चाललं होतं. गावी माझी बायको सुनंदा गरोदर होती. रजेवरून निघताना दिवस गेल्याची नुकती चाहूल लागली होती. तेव्हा फोन म्हणजे कुणाच्या तरी दुकानात जाऊन ताटकळत बसणं, आणि आमच्या गावात तेही नव्हतं. एका शुक्रवारी मनामाच्या बाजारात पेणचा एक ओळखीचा माणूस भेटला. दोन दिवसांपूर्वीच रजेवरून परतला होता. तो मला चहाच्या दुकानात घेऊन गेला, आणि चहा आल्यावरही बोलेना, तेव्हा माझ्या लक्षात आलं. मुलगी झाली होती. बारशाच्या आधीच गेली. सुनंदा बरी आहे, असं तो परत परत सांगत होता.

आपल्यात इतक्या लहान मुलाला जाळत नाहीत, पुरतात. वडिलांनी खाडीकडच्या बांधाजवळ पुरलं, असं तो म्हणाला.

रजा मिळण्यासारखी नव्हती. मिळाली असती तरी जाऊन काय करायचं होतं, हेही मला कळत नव्हतं. हसनभाईंना कुठून तरी कळलं. ते खोलीवर आले, डब्यात घरचा मच्छी-भात घेऊन, आणि मी जेवेपर्यंत बसून राहिले. मुलीबद्दल एक शब्द काढला नाही. जाताना एवढंच म्हणाले, “उद्या कामावर चल. खोलीत बसू नकोस.”

मी गेलो. मॅडमनी मला काही दिवस चाळणीवर बसवलं. खोलीतून निघालेली माती बारीक जाळीतून चाळायची आणि जाळीवर उरेल ते वेचायचं. मणी, काटे, शिंपल्याचे तुकडे. कुणाशी बोलावं लागत नाही असं काम आहे ते. त्यांनी ते ओळखून दिलं होतं हे मला पुढे कळलं.

आणि मग रस्त्याकडेची ती टेकडी आली. वसाहतीचा मोठा रस्ता तिच्यावरूनच जाणार होता. शेजारच्या दोन टेकड्या बुलडोझरनं आधीच सपाट केल्या होत्या आणि रस्त्याच्या इंजिनियरनं आम्हाला आठवडाअखेरपर्यंत मुदत दिली होती. हाजी मन्सूरच्या माणसांनी छताचे दगड पहारींनी सरकवले. मॅडम शिडीनं खाली उतरल्या आणि बऱ्याच वेळानं वर आल्या. आधी त्या हाजींच्या उजव्या बाजूला जाऊन काहीतरी बोलल्या. हाजींनी डोक्यावरचं फडकं सारखं केलं आणि माझ्याकडे पाहिलं. मग मॅडम चाळणीपाशी आल्या.

खाली एक बाई आहे, त्यांनी सांगितलं, आणि तिच्यापाशी मूल आहे. जन्मतःच किंवा जन्मल्यावर थोड्याच दिवसांत गेलेलं. दोघं एकदमच पुरलेली दिसतात. तू हे काम केलं नाहीस तरी चालेल. मी दुसरा माणूस मागवते.

मी शिडीनं खाली उतरलो. खोली इतकी अरुंद की भिंतीला पाठ लावूनच उभं राहावं लागे. बाई उजव्या कुशीवर होती. तिच्या गुडघ्यांच्या आणि छातीच्या मधल्या जागेत मूल, डोकं तिच्या हनुवटीखाली. मुलाच्या बरगड्या माशाच्या काट्यांहूनही बारीक. बाईचा एक हात मुलाच्या पाठीवरून गेलेला होता. कुणीतरी तो तसा ठेवला असणार. मेल्यावर हात आपसूक तसा जात नाही. म्हणजे त्या दिवशी या खोलीत उतरून, गुडघ्यांवर बसून, कुणीतरी तिचा हात उचलून मुलावर घातला होता.

मी वर आलो आणि काम मीच करीन म्हणालो.

आमच्या तुकडीच्या प्रमुखांचं मत होतं की मूल वेगळं उचलावं. ते चुकीचं बोलत नव्हते. मुलाचा छोटा गठ्ठा सहज निघाला असता, आणि बाईला दोन भागांत घेतलं असतं की शिडीवरून दोन माणसांनीही वर आणता आलं असतं. एकत्र उचलायचं तर केवढा तरी मोठा गठ्ठा, खोलीची एक भिंत उतरवावी लागणार, आणि क्रेन. मध्येच तडा गेला तर दोघंही हातची जाणार. मॅडमनी मला विचारलं, “एकत्र येईल का?”

मी म्हणालो, “माहीत नाही.”

“तुला काय करावंसं वाटतं?”

“एकत्र.”

मग त्यांनी प्रमुखांना आणि मला अशी एक गोष्ट सांगितली जी चहाच्या वेळी कधी सांगितली नव्हती. त्या अल्यूशियन बेटावर त्यांच्या खणण्याच्या जागी गावातली एक म्हातारी रोज येऊन बसायची. शेवटी पेट्या बोटीवर चढवायच्या दिवशी तिनं विचारलं, यांना कुठं नेताय? मॅडमनी शहराचं नाव सांगितलं. म्हातारीला ते माहीत नव्हतं. परत कधी आणणार, तिनं विचारलं. पेट्या हजारो मैलांवर एका तळघरात गेल्या. तिथं कवट्या एका कपाटात, लांब हाडं दुसऱ्यात, आणि मुलांची हाडं वेगळ्या खणांत. “तेव्हा तशीच पद्धत होती,” मॅडम म्हणाल्या. “मुलांचे खण मी माझ्या हातांनी भरले. कोण कुणाचं हे आता मलाही सांगता येणार नाही.”

प्रमुख भले गृहस्थ होते. आधी सगळ्याचे फोटो आणि चित्रं व्हावीत, आणि तडा दिसला तर तिथंच थांबून मूल वेगळं घ्यावं, एवढ्या अटीवर त्यांनी होकार दिला.

मग आम्ही सगळे त्या एका खोलीमागे लागलो. नेमका शमाल सुटला. हा उत्तरेकडचा वारा, धूळ घेऊन येतो. गोंद वाळायच्या आत त्यावर वाळू बसे. हाजींच्या माणसांनी खोलीवर तंबू ठोकला आणि दोघं आळीपाळीनं त्याच्या दोऱ्या धरून उभे राहिले. गोणपाट एवढ्या वजनाला पुरेल असं मला वाटेना. मला काथ्या हवा होता, पेणला मोठ्या मूर्तीत घालतो तसा. हसनभाई होड्या बांधणाऱ्यांकडे गेले आणि जुना सुंभाचा दोर घेऊन आले. तो आम्ही ताडपत्रीखाली बसून उलगडला. मॅडमही बसल्या. त्यांच्या बोटांना फोड आले. वर्कशॉपमधून मी पोलादी पत्रा कापून आणला, कडा घासून पातळ केल्या, आणि भिंतीचे दगड नंबर घालून उतरवल्यावर तो बाजूनं, वीतभर, मग आणखी वीतभर, असा त्या दोघांखाली सरकवत नेला. पत्रा कुठं अडला की मी पालथा पडून चमच्यानं माती काढायचो. माझं तोंड त्या वेळी बाईच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर असे. भीतीचं विचारतात म्हणून सांगतो, मला तिच्याशेजारी पडून काम करताना त्या दिवसांत पहिल्यांदा जरा शांत वाटलं.

शेवटचं प्लास्टर मुलावर चढवायचं होतं. बर्फाच्या पाण्यात हात बधिर झाले होते. मी पट्टी घातली, दुसरी घातली, आणि तिसरीला माझे हात थांबले. किती वेळ थांबलो कुणास ठाऊक. मग हाजी मन्सूर शिडीनं खाली आले. त्या वयात त्यांना उतरायचं कारण नव्हतं. माझ्याशेजारी जेमतेम मावले. त्यांनी एक पट्टी बादलीत बुडवली, निथळवली आणि माझ्या हातात दिली. मग पुढची. त्यांना हिंदी थोडी येई. ती माझ्या मोडक्या अरबीपेक्षा बरी होती.

“मेरा भी दो गया,” ते म्हणाले. “छोटा, छोटा.”

त्यांनी पट्ट्या भिजवायच्या आणि मी घालायच्या, असं ते काम संपलं.

क्रेन आमच्याकडे नव्हती. रस्त्याच्या कंत्राटदाराकडे होती, आणि तिचा ऑपरेटर एक सरदारजी. हसनभाईंनी जाऊन त्याला काय सांगितलं ते माहीत नाही, पण जेवणाच्या सुटीत तो क्रेन घेऊन आला. केबिनमध्ये टेप मोठ्यानं लावलेला होता. यात काय आहे, त्यानं विचारलं. हसनभाईंनी सांगितलं. सरदारजीनं टेप बंद केला आणि मला म्हणाला, तू फक्त हात दाखव, मी तुझ्या हाताकडेच बघतो.

साखळ्या ताणल्या. हाजी ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होते. गठ्ठा जमिनीपासून सुटला, वीतभर वर आला, आणि एका बाजूला कलला. लगेच कडकन आवाज झाला. मी पंजा उघडून दाखवला आणि क्रेन थांबली. कललेल्या कोपऱ्यातून वाळूची धार लागली होती. हाजींच्या दोन माणसांनी खांदे लावले, मी खाली घुसून पाहिलं. मोडली होती ती पत्र्याखाली आधाराला बांधलेल्या चौकटीची लाकडी पट्टी. प्लास्टर शाबूत होतं, फक्त बाईच्या पावलाकडचा कोपरा उघडा पडला होता. मी हातातलं गोणपाट त्यात कोंबलं, हसनभाईंनी आपली लुंगी पिकअपमधून आणून वरून आवळून बांधली, आणि मी पुन्हा हात वर केला. तेवढ्या वाळूत तिच्या पावलाची काही हाडं गेली. ती वाळू मी नंतर दोनदा चाळली. एका बोटाचं हाड मिळालं, बाकीची नाहीत. ती रुखरुख अजून आहे.

पिकअपमध्ये वाळूची गादी केली होती. हसनभाईंनी गाडी चालवली ती घरच्या बाळंतिणीला दवाखान्यातून आणावी तशी. मागून गाड्या हॉर्न देत होत्या. मागं गठ्ठ्यापाशी मी बसलो होतो, आणि माझ्यासमोर, कुणी न सांगता, हाजी मन्सूर येऊन बसले होते. दुसऱ्या दिवशी आम्ही माळावर गेलो तेव्हा त्या जागी रोलर फिरत होता.

ती दोघं बहारीनमध्येच राहिली. बाहेरच्या एका प्रयोगशाळेला ती हवी होती. ती बाहेर जाऊ नयेत म्हणून मॅडमनी बरेच वाद घातले. अभ्यास करायचा असेल त्यानं इथं यावं, बेटावरची माणसं बेटावरच राहतील, असा त्यांचा हेका होता आणि सरकारी अधिकाऱ्यांनीही तो उचलून धरला. पुढच्या हिवाळ्यात मॅडम परत आल्या तेव्हा त्यांनी सांगितलं की मधल्या उन्हाळ्यात त्या त्यांच्या जुन्या बेटावर जाऊन आल्या. ती म्हातारी केव्हाच गेली होती. तिच्या नातेवाइकांना त्यांनी पेट्या कुठं आहेत ते सांगितलं, परत आणायच्या असतील तर काय करावं लागेल तेही सांगितलं. ते लोक काय म्हणाले, मी विचारलं. त्यांनी मला जेवायला बसवलं, मॅडम म्हणाल्या.

पण हे पुढचं. मला रजा मिळाली ती त्याच वर्षीच्या मे महिन्यात.

घरी सगळं नीट होतं. आई-वडील थकलेले, पण हिंडते-फिरते. शेजारपाजारचे येऊन सोन्याचं विचारून गेले. मुलीचा विषय कुणी काढला नाही. सुनंदाला सगळ्यांनी विसरून जा म्हणून सांगितलं होतं, आणि ती विसरल्यासारखी वागत होती. कामं करायची, हसायची, माझ्या बॅगेतल्या वस्तू शेजारणींना दाखवायची. मी एकटाच बांधाकडे जाऊन आलो. उधाणात बांध फुटला म्हणून तिथं नवी माती टाकली होती. नेमकी जागा वडिलांनाही दाखवता आली नाही.

एका दुपारी अंगणात पोह्याचे पापड वाळत घातले होते. सुनंदा ते उलटत होती आणि मी पडवीत बसलो होतो. ती सहज म्हणाली, “तिकडे तुम्ही छतांचं काम सोडलंत, असं मामंजी सांगत होते. मग करता काय?”

मी सांगितलं. आधी टेकड्यांचं सांगितलं, बकऱ्याचं सांगितलं, ती हसली. मग मी थांबणार होतो, पण थांबलो नाही. त्या बाईचं सांगितलं, मुलाचं सांगितलं, हात कसा ठेवला होता ते सांगितलं. सुनंदा पापड उलटत राहिली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही.

“मुलगा की मुलगी?” तिनं विचारलं.

“एवढ्या लहान हाडांवरून कळत नाही म्हणतात.”

“मुलगीच असेल,” ती म्हणाली. आणि जरा वेळानं, “काढताना वेगळी नाही ना केलीत?”

“नाही. दोघींना एकत्रच आणलं.”

तिनं हातातला पापड खाली ठेवला आणि पडवीच्या पायरीवर येऊन बसली, माझ्या खालच्या पायरीवर, पाठमोरी. “आपल्या मुलीला केस फार होते,” ती म्हणाली. “इतके, की सुईण म्हणाली, हिची वेणी घालता येईल. रडायची नाही फारशी. दिव्याकडे बघत राहायची. शेवटच्या दिवशी दूध घेईना, तेव्हा मी बोट दिलं, तर ते धरून ठेवलं तिनं. बराच वेळ. कुणी सोडव म्हणालं, मी सोडवलं नाही.”

हे सगळं ती इतके महिने एकटी घेऊन बसली होती. ऐकून घेणारं घरात कुणी नव्हतं. त्या दुपारी ती बोलत राहिली आणि मी मध्ये मध्ये विचारत राहिलो, नाक कुणासारखं होतं, रंग कसा होता, अंगावर काय घातलं होतं. तिला प्रत्येकाचं उत्तर माहीत होतं. उन्हं उतरली तेव्हा आम्ही पापड गोळा केले, आणि डब्यात भरता भरता दोघांनी मिळून मुलीचं नाव ठेवलं. ते आमच्या दोघांत आहे. इथं लिहीत नाही.